पीटीच्या तासाला फुटबॉल, आणि पोरांचा स्पीड

आमच्या कोल्हापुरात पोरांना फुटबॉलची गोडी लावायची गरज नसते, ती पेठेतूनच घेऊन येतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, या इथल्या टीममध्ये कोण कुणाला भारी पडलं, कुणाचा फॉरवर्ड यंदा दुसऱ्या तालमीकडं गेला, हे सगळं आठवीतल्या पोराला तोंडपाठ. आदल्या दिवशी शाहू स्टेडियमवर मोठी मॅच झालेली असली तर पहिल्या तासाला वर्गात गणिताच्या सरांपेक्षा मॅचचाच आवाज जास्त. मी पीटीचा सर, त्यामुळं मला याचा काही त्रास नाही, उलट निम्मं काम आयतं झालेलं असतं. पण एक गोष्ट बरीच वर्षं खटकत होती. ही पोरं रोज संध्याकाळी गल्लीत, मैदानात, जिथं जागा मिळेल तिथं खेळतात, पायात बॉल असला की बघत बसावं असं खेळतात, आणि तरी शालेय स्पर्धेत समोरच्यानं मागच्या मोकळ्या जागेत एक लांब बॉल टाकला की आमचा डिफेंडर वळेपर्यंत त्यांचा विंगर गेलेला असतो. स्किल आहे, डोकं आहे, दम पण आहे, पळण्यात मार खातात.

आता याच्यावर आपल्याकडं एकच औषध ठरलेलं आहे, राउंड मारा. पोरगं स्लो आहे, राउंड मारा. उशिरा आलं, राउंड मारा. बोलत होतं, दोन राउंड जास्त मारा. म्हणजे पळणं ही शिक्षाच झाली आणि वर पुन्हा आपण म्हणणार की पोरांना पळायला नको असतं. शिवाय राउंड मारून दम वाढतो, स्पीड वाढत नाही, हे बी.पी.एड.ला आम्हा सगळ्यांना शिकवलेलं असतं पण ग्राउंडवर आलं की कोण आठवतंय. जिवाच्या आकांतानं पाच-सहा सेकंद पळायला स्नायूत जो क्रिएटिन फॉस्फेटचा साठा असतो तो लागतो, तो काही सेकंदांत उतरतो, आणि पुन्हा भरायला दोन-तीन मिनिटं जातात. संथ पळून शरीर संथ पळायलाच शिकतं. फास्ट पळायचं तर फास्टच पळावं लागतं, थोडं, आणि मधे भरपूर थांबून.

तर दिवाळीनंतर नववीची एक तुकडी घेतली आणि ठरवलं की हिचे पीटीचे तास वार्षिक परीक्षेपर्यंत फुटबॉललाच द्यायचे, पण नुसतं बॉल टाकून 'खेळा रे' म्हणायचं नाही. आठवड्याला दोन तास, एकेक पस्तीस मिनिटांचा, त्यातली सात-आठ मिनिटं वर्गातून खाली येण्यात आणि बूट शोधण्यात जातात. वर्गात साठच्या आसपास पोरं-पोरी. बॉल पाच, त्यातला एक दर दोन दिवसांनी पंक्चर. ग्राउंड मुरमाचं, एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला सायकल स्टँड. सेटअप हा असा, कुणी विदेशी अकॅडमी डोळ्यांसमोर आणू नका.

पहिलं काम म्हणजे मोजणं. खेलो इंडियाच्या फिटनेस टेस्टमध्ये स्पीडसाठी ५० मीटर धाव असते आणि ती आम्ही दरवर्षी घेतोच, पण आमच्या ग्राउंडवर ५० मीटर संपतात तिथून भिंत चार ढांगांवर, त्यामुळं पोरं शेवटच्या दहा मीटरात ब्रेक मारतात आणि टायमिंग भिंतीच्या भीतीचं येतं. म्हणून मी ३० मीटर घेतले, आणि त्यातले पहिले १० वेगळे मोजले. याला कारण आहे. उसेन बोल्टनं २००९ साली बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत मारले तेव्हा त्याचा टॉप स्पीड साठ मीटरच्या पुढं आला होता, ताशी ४४ किलोमीटरच्या वर. आमच्या पोरांचा टॉप स्पीड त्याच्या कितीतरी आधी, तीस मीटरच्या आसपासच येऊन जातो, म्हणून तीसमध्ये जवळपास सगळं दिसतं. आणि फुटबॉलमध्ये बहुतेक स्प्रिंट दहा-वीस मीटरच्याच असतात, म्हणून पहिले दहा जास्त महत्त्वाचे.

स्टॉपवॉचवर माझा विश्वास नाही. हातानं मोजलेलं टायमिंग इलेक्ट्रॉनिकपेक्षा साधारण पाव सेकंद कमी येतं, ॲथलेटिक्समध्ये १०० मीटरला ०.२४ ची भर घालतात ती त्यासाठीच. आणि इथं आपण शोधतोय तो फरकच तेवढा किंवा त्याहून कमी. मग मोबाइलचा स्लो मोशन वापरला. १० आणि ३० मीटरच्या रेषांवर एकेक मोबाइल काटकोनात उभा केला, एक माझा आणि एक विज्ञानाच्या मॅडमचा, आणि दोन्हीत एकच आवाज पकडला जावा म्हणून स्टार्टला एक पोरगा स्टीलच्या ताटलीवर पळी मारायचा. नंतर घरी बसून फ्रेम मोजायच्या, २४० फ्रेमवाल्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे चार मिलिसेकंद. यात पोराची रिॲक्शन पण मिसळते आणि आवाजाला पोचायला जो वेळ लागतो तोही, पण दर वेळी सगळं तसंच ठेवलं तर तुलनेला चालतं. बायको म्हणाली, "साठ पोरांचे पाय बघत बसलायसा, जेवा आधी."

आकडे वाईट होते असं नाही. पोरांचं ३० मीटर पाच ते साडेपाच सेकंदांच्या मधे, पोरींचं थोडं वर, दोन-तीन जण पाचच्या आत. पण पहिल्या १० मीटरमध्ये गंमत दिसली. ताटली वाजली की बहुतेक पोरं आधी सरळ ताठ उभी राहतात आणि मग पळायला लागतात, पहिल्या तीन पावलांत पाय पुढं टाकतात, मागं ढकलतच नाहीत, आणि हात तर छातीसमोर आडवे, कुणाला तरी अडवत असल्यासारखे.

दुसरं काम केलं ते म्हणजे त्यांची नेहमीची मॅच बघितली. दोन पोरं ताप येऊन गेल्यामुळं बसून होती, त्यांच्या हातात वही दिली आणि सांगितलं, या पाच जणांवर लक्ष ठेवा, कोण पूर्ण जीव लावून पळालं की एक रेघ मारा. वीस मिनिटांच्या खेळात दोघांच्या नावापुढं बऱ्यापैकी रेघा, बाकीच्यांच्या एखाद-दुसरी, आणि एकाच्या नावापुढं काहीच नाही, तो सगळा वेळ पळत होता तरी. मला हेच बघायचं होतं. एका बॉलमागं तीस-तीस पोरं असली की बॉलभोवती जत्रा जमते, त्यात जागाच नसते, टॉप स्पीड येणार कुठून. जो दांडगा आहे त्याला बॉल मिळतो, तोच पळतो, तोच आणखी फास्ट होतो, आणि ज्याला स्पीडची गरज आहे तो लिंबू-टिंबू म्हणून कडेला हळूहळू धावत असतो. रोज फुटबॉल खेळून पोरं फास्ट का होत नाहीत त्याचं उत्तर त्या वहीत होतं.

बरं, मग छोट्या टीम करा, चार विरुद्ध चार, हा सगळीकडं मिळणारा सल्ला आहे आणि चांगला आहे, प्रत्येकाच्या पायाला बॉल लागतो, दम वाढतो. पण मैदान पण छोटं केलं तर पोरगं दोन पावलं पळतं की रेषा येते. म्हणून मी पट्टी लांब आणि अरुंद आखली, फक्कीनं, साधारण चाळीस मीटर लांब आणि बारा रुंद, आणि एक नियम घातला. गोल झाला तेव्हा आपल्या टीमची चारही पोरं हाफच्या पुढं पाहिजेत, एक जरी मागं राहिला तरी गोल नाही. पहिल्या दिवशी भांडणं झाली. "सर, हा कुत्रा येतच नाही वर." मग दुसऱ्या आठवड्यात तोच कुत्रा सगळ्यात आधी वर, कारण पेठेतली पोरं आहेत, गोल हुकला तर शाळा सुटल्यावर हिशोब होतो. मी 'पळा' म्हणून एकदाही ओरडलो नाही, टीमचीच पोरं ओरडत होती.

मुख्य खेळ मात्र वेगळाच होता आणि तो फार साधा आहे. दोन पोरं शेजारी शेजारी पोटावर झोपलेली, तोंड बॉलकडं. बॉल पंधरा मीटरवर ठेवलेला किंवा मी मधनं पुढं लोटलेला. ताटली वाजली की उठायचं, जो आधी पोचेल त्यानं गोलात मारायचं, दुसऱ्यानं अडवायचं. बस. यात बॉलपर्यंत पोचायला पळायचं आहे, बॉल घेऊन पळायचं नाही, आणि सगळी मेख तिथं आहे. बॉल पायात आला की माणूस स्लो होतोच, चांगल्यातला चांगला प्लेअर पण होतो, म्हणून ड्रिबलिंगच्या शर्यती लावून स्पीड येत नाही, ड्रिबलिंग येतं. झोपून उठायचा फायदा हा की ताठ उभं राहायला वेळच मिळत नाही, अंग आपोआप पुढं झुकलेलं राहतं आणि पहिली पावलं मागं ढकलत पडतात. जे मी तोंडानं सांगून महिनाभरात झालं नसतं ते पोटावर झोपवून पहिल्याच आठवड्यात दिसायला लागलं. कपडे मात्र लाल व्हायचे, त्यावरनं घरनं चिठ्ठ्या आल्या, तो वेगळा विषय.

मग त्याचेच प्रकार. पाठ करून बसलेलं, एका गुडघ्यावर, मांडी घालून. एकाला दोन मीटर पुढं बॉल देऊन पळवायचं आणि दुसऱ्यानं मागनं येऊन हात लावायचा, यात खरा जीव लावून पळतो तो मागचा, त्यामुळं आलटून पालटून दोघांनाही मागचा करायचं. जोड्या मी टायमिंग बघून लावल्या, सारख्याला सारखा. हे महत्त्वाचं आहे, कारण हरणार हे माहीत असलं की पोरगं तिसऱ्या पावलालाच सोडून देतं, आणि जिंकणार हे माहीत असलं की जिंकणाराही निम्म्या जोरातच पळतो. सूचना मी दोनच ठेवल्या, 'जमीन मागं ढकल' आणि 'हात खिशापासनं गालापर्यंत'. तिसरी दिली असती तर पहिल्या दोन विसरली असती.

साठ पोरांचं काय करायचं, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. खरं सांगू, इथं साठ पोरं कामालाच आली. पाच बॉल म्हणजे पाच जागा, एकेका जागी बारा जण म्हणजे सहा जोड्या. एक जोडी पळून, मारून, बॉल घेऊन परत येईपर्यंत वीसेक सेकंद. सहा जोड्यांचा फेरा म्हणजे दोन मिनिटं. म्हणजे प्रत्येकाला तीन-चार सेकंद जीव तोडून पळणं आणि मग दोन मिनिटं आराम, जे स्प्रिंटच्या ट्रेनिंगला पाहिजे असतं बरोबर तेच. कोच लोकांचा ढोबळ हिशोब असा की दर दहा मीटर स्प्रिंटला एक मिनिट विश्रांती, तर पंधरा मीटरला दोन मिनिटं म्हणजे ऐश आहे. एका तासात सात-आठ वेळा नंबर आला की एकाचं सव्वाशे मीटरच्या आसपास पळणं झालं, आणि तेवढं पुरतं. बाकीचा वेळ लांब पट्टीवरचा खेळ.

ही विश्रांती मात्र आमच्या हेडसरांना बघवेना. वरच्या मजल्यावरनं ग्राउंड पूर्ण दिसतं. एक दिवस खालीच आले.

"काय चाललंय सर, निम्म्याच्या वर पोरं उभीच आहेत."

"विश्रांती चालू आहे सर."

"विश्रांती घरी घेतील की. पीटीचा तास आहे, घाम दिसू दे."

आता त्यांना क्रिएटिन फॉस्फेट कुठं सांगत बसू. मी प्रत्येक जागेवरच्या उभ्या असलेल्या पोरांना कामं वाटून दिली, एक रेफरी, एक ताटलीवाला, एक वहीवाला, दोन बॉल आणणारे, एक गोलकीपर. विश्रांती तीच, पण आता सगळे बिझी दिसायला लागले आणि वरनं येणारे निरोप थांबले. शिक्षक मंडळींनो, हे लिहून ठेवा, आराम आणि टाइमपास यातला फरक लांबून दिसत नाही.

लंगडीचं सांगायचं राहिलं. एका पायावर उड्या मारत दुसऱ्याला पकडायचं, याला इंग्रजी पुस्तकांत प्लायोमेट्रिक्स म्हणतात आणि त्याचे कोर्स होतात, आपल्याकडं पोरी दुसरीपासनं खेळतात. पाय जमिनीला लागला की लगेच सुटला पाहिजे, घोटा आणि पोटरी कडक राहिली पाहिजे, स्प्रिंटला नेमकं हेच लागतं. वॉर्मअपला मी लंगडी घेतली, दोन-तीन मिनिटंच, दोन्ही पायांवर, आणि इथं फुटबॉलवाल्या पोरांची पुरती जिरली. उजव्या पायावर ठीक, डाव्यावर चार उड्यांत तोल गेला. पोरी हसून हसून बेजार. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा कवायतीच्या वेळातली काही मिनिटं मागून घेतली आणि त्यात फिफा ११ प्लस, म्हणजे फिफानं दुखापती टाळायला बनवलेला वॉर्मअप, त्यातले व्यायाम घातले. तो पूर्ण वॉर्मअप वीस मिनिटांचा आहे, तेवढा वेळ आपल्याला कोण देतंय, पण त्यातला गुडघ्यावर बसून, मागनं जोडीदारानं घोटे दाबून धरायचे आणि सरळ अंगानं हळूहळू पुढं पडायचं, हा एक व्यायाम सोडू नका. मांडीच्या मागचा स्नायू यानं तयार होतो, आणि जोरात पळताना पहिल्यांदा तोच धरतो.

पोरींचा विषय हार्ड होता. सुरुवातीला त्या सायकल स्टँडच्या कडेला गोल करून उभ्या, 'सर, आम्ही रिंग खेळतो' म्हणून. खेळायचं नव्हतं असं नाही, तीस पोरांच्या गर्दीत लाथा खायच्या नव्हत्या, आणि त्यात त्यांचं काय चुकलं. जोडीचा खेळ सुरू झाल्यावर गर्दीच नाही म्हटल्यावर हळूहळू आल्या. टायमिंगप्रमाणं जोड्या लावल्यामुळं दोघी-तिघींच्या जोडीला पोरगे आले. एक होती, कबड्डी खेळणारी, दोन तास बघितलं आणि तिसऱ्याला येऊन म्हणाली, "सर, ही लय हळू पळती, मी त्याच्याबरोबर पळतो." तो म्हणजे आमच्या बऱ्यापैकी फास्ट पोरांपैकी एक. पहिल्या दहा मीटरात तिनं त्याला मागं टाकला, बॉल घेतला आणि गोलात मारायच्या ऐवजी गडबडीत सायकलींवर मारला. पोरगा दिवसभर सांगत होता, "गोल कुठं झाला, गोल झाला नाही." पण पुढच्या तासाला तो ताटलीच्या आवाजाला असा उठला की विचारू नका. हे वय असं आहे की पोरी साधारण बाराव्या वर्षी झपाट्यानं वाढून घेतात आणि मग पळायचं सोडलं तर स्पीड तिथंच थांबतो. नववीत त्यांना कडेला उभं राहू देणं म्हणजे तो तिथंच सोडून देणं.

पोरांची वाढ मात्र याच सुमाराला, चौदाच्या आगेमागे, एकदम होते. दिवाळीला माझ्या खांद्याला लागणारं पोरगं मार्चमध्ये कानाला लागलं. पाय आधी लांब होतात, ताकद मागनं येते, मधल्या काळात पोरगं पळताना असं दिसतं की याचे पाय याचेच आहेत का. असा एक होता, आधी चांगला पळायचा, जानेवारीत टायमिंग चक्क घसरलं, तोंड एवढंसं झालं. त्याला आणि त्याच्या वडलांना समजावून सांगितलं की हे तात्पुरतं असतं. दुसऱ्या दोन पोरांच्या गुडघ्याखाली, जिथं नडगीचं हाड सुरू होतं तिथं, दुखायला लागलं, टेंगूळ आल्यासारखं. वाढत्या वयात पळणाऱ्या पोरांना हे होतं, ऑसगुड श्लॅटर म्हणतात. हाडाच्या डॉक्टरांनी उड्या आणि स्प्रिंट कमी करायला सांगितल्या, ते दोघं माझे कायमचे ताटलीवाले झाले. एकाच्या आजी शाळेत आल्या होत्या, "मास्तर, पोराला हळदीचं दूध देतोय, पण तुम्ही पळवू नकासा." पळवत नाही म्हटलं आजी, ताटली वाजवतोय तो.

याच वाढीमुळं शेवटी निकाल काढताना डोकं लावावं लागतं. चार-पाच महिन्यांत चौदा वर्षांचं पोरगं काही न करता पण थोडं फास्ट होतं, नुसतं वाढल्यामुळं. त्यामुळं 'माझ्या ट्रेनिंगनं एवढा फरक पडला' असं सांगणाऱ्यांचं अर्ध श्रेय निसर्गाचं असतं. म्हणून मी शेजारच्या तुकडीची पण टेस्ट घेतली होती, त्याच दिवशी, त्याच ताटलीवर, आणि त्यांचे तास नेहमीसारखे चालू दिले, एका बॉलमागं सगळी. मार्चमध्ये दोन्हींची पुन्हा घेतली. त्यांच्यातही फरक होता, किंचित. आमच्यात जास्त, बऱ्याच जणांचा ३० मीटरला दीड-दोन दशांश सेकंद, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या दहा मीटरातच. शेवटच्या वीस मीटरात दोन्ही तुकड्यांत फार काही फरक नाही. म्हणजे सुटणं सुधारलं, टॉप स्पीड नाही, आणि सराव पंधरा मीटरचाच होता तर हेच होणार. काही जणांचा फरक शून्य पण आहे, ते पण वहीत तसंच आहे.

दोन दशांश ऐकायला काहीच वाटत नाही. पालक सभेत एकानं विचारलंच, "एवढ्यासाठी वर्षभर?" त्यांना हिशोब करून दाखवला. तीस मीटरच्या शेवटी पोरगं सेकंदाला सात मीटरच्या आसपास पळत असतं, दोन दशांश म्हणजे जवळजवळ दीड मीटर. थ्रू बॉलवर, म्हणजे डिफेंडरच्या मागं मोकळ्या जागेत टाकलेल्या बॉलवर, दीड मीटर आधी पोचणं म्हणजे बॉल तुमचा. जर्मनीच्या बुंडेसलिगातल्या गोलांचा एक अभ्यास २०१२ साली छापून आला होता, त्यात गोलाच्या आधी सगळ्यात जास्त वेळा दिसलेली हालचाल सरळ रेषेतली स्प्रिंट होती, बॉलशिवायची. ते गृहस्थ खंडोबाचे समर्थक निघाले, त्यांनी लगेच मागच्या सीझनचा एक गोल सांगितला आणि सभा तिथंच भरकटली.

दुसऱ्या एकांनी ऑनलाइन दोन हजारांची स्पीड लॅडर, म्हणजे जमिनीवर अंथरायची पट्ट्यांची शिडी, मागवली होती, पोराला घरी गच्चीवर करून घेतात, आणि ती पळताना मागं ओढणारी, पाठीला बांधायची छत्री पण घेऊ का म्हणून विचारत होते. लॅडरवर पाय नाचवता येतात, बघायला छान दिसतं, पण त्यात एकही पाऊल पूर्ण जोरानं पडत नाही, मग स्पीड कसा येईल. त्यांना म्हटलं, त्या पैशात शाळेला दोन बॉल द्या. दिले त्यांनी, शिलाईवाले, पाच नंबर साइजचे, आता सात जागा लागतात, पण त्यामुळं विश्रांती कमी झाली म्हणून दोन बॉल मी पट्टीवरच्या खेळाला ठेवले.

अडचणी अजून आहेतच. फेब्रुवारीत गणिताचा कोर्स राहिला की पहिला बळी पीटीचा जातो, सलग दोन आठवडे माझा एक तास गेला, आणि स्प्रिंटचं असं आहे की दहा-पंधरा दिवस पळणं बंद पडलं तर सुटण्याची ती धार जाते, परत आणायला आठवडा लागतो. उन्हाचं पण बघावं लागतं, मार्चपासनं दुपारचा तास असला तर मुरूम तापतो आणि निम्म्या पोरांच्या पायात पातळ सोलचे पांढरे कॅनव्हास, म्हणून हेडसरांना सांगून तास सकाळी सरकवून घेतला. जून ते सप्टेंबर ग्राउंडचा चिखल होतो, तेव्हा स्प्रिंट नाहीच, व्हरांड्यात तर अजिबात नाही, शहाबादी फरशीवर ओले बूट म्हणजे हात मोडून घ्यायचा कार्यक्रम. तेव्हा हॉलमध्ये लंगडी, उड्या आणि ते पुढं पडायचे व्यायाम.

आणि नववीची ही पोरं आता दहावीला गेली, म्हणजे पीटी कागदावर राहिली, ज्यादा तास सुरू. ग्रेस मार्कांपुरतं स्पर्धेला खेळतील तेवढंच. त्यामुळं या वर्षी आठवीपासून धरलंय, दोन्ही तुकड्या, कारण शेजारच्या तुकडीतली पोरं आधीच विचारत होती की सर आमचा काय गुन्हा. मोबाइलच्या फ्रेम मोजायचं काम मात्र यंदा विज्ञानाच्या मॅडमनी पोरांच्या प्रोजेक्टमध्ये घातलंय, वेग, वेळ, अंतर हा धडा तसाही आहेच, तेवढ्या माझ्या रात्री वाचल्या. यंदा पट्टी चाळीसची पन्नास करायचा विचार आहे, म्हणजे मागचे वीस मीटर पण हलतात का बघू, फक्त त्यासाठी सायकल स्टँड चार फूट मागं न्यायला लागतं आणि ते कुणाच्या सहीनं होतं ते अजून कळलेलं नाही.